केस गळायचे थांबले, पण ताठरता टिकेना. गोळी सोडू का?

प्रश्न: माझं वय ३१. लग्नाला तीन वर्षं झाली. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकत चालले होते आणि टाळूवरचे केस विरळ झाले होते, म्हणून पाच महिन्यांपूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी फिनास्टराइड १ मिलिग्रॅमची रोज एक गोळी आणि दोन वेळा लावायला ५ टक्के मिनॉक्सिडिल दिलं. बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी मी आपल्या मनाने घेतो. केस गळणं बरंच थांबलंय. पण गेले सहा आठवडे ताठरता येते आणि मध्येच जाते. वीर्यही कमी आणि पाण्यासारखं पातळ वाटतं. हे गोळी सोडल्यावरही आयुष्यभर राहतं असं इंटरनेटवर वाचलं, तेव्हापासून झोप उडाली आहे. बायकोशी यातलं काही बोललो नाही. तिला वाटतंय, माझंच मन उडालंय. पुढच्या वर्षी मूल होऊ द्यायचा विचार आहे. गोळी बंद करू, की आठवड्यातून तीनदा घेऊ, की तेच औषध डोक्याला लावायच्या स्वरूपात घेऊ? एक मित्र ड्युटास्टराइड घेतो, त्याला काहीच होत नाही म्हणतो. की हे मिनॉक्सिडिलमुळे होतंय? आणि मी नियमित रक्तदान करतो, ते चालू ठेवू ना?

उत्तर: हो, फिनास्टराइडने असं होऊ शकतं. पातळ आणि कमी वीर्य ही तर या औषधाची ओळखीची खूण आहे. मिनॉक्सिडिलवर संशय घ्यायचं कारण नाही. ताठरतेची तक्रार गोळीमुळे आहे, गोळीबद्दल वाचल्यामुळे आहे की तिसऱ्याच कशामुळे, हे आज तुमच्याकडे नुसतं बघून कोणीही सांगू शकणार नाही. ते शोधून काढायची मात्र एक रीत आहे आणि तिला सुमारे तीन महिने लागतात. तुमच्या जागी आम्ही फिनास्टराइड थांबवू, बाकी काही बदलणार नाही आणि नोंद ठेवू. असं का, ते सविस्तर सांगतो. ज्यांनी औषध लिहून दिलं त्यांना फोन करून कळवा, पण त्यांची वेळ मिळेपर्यंत गोळी चालूच ठेवली पाहिजे असं काही नाही. हे औषध हळूहळू कमी करत आणावं लागत नाही, एका दिवसात बंद करता येतं.

केसांवरची सगळी औषधं एका माळेत ओवण्यात पहिला घोटाळा होतो. कामजीवनाच्या दृष्टीने त्यांचे सरळ दोन गट पडतात: डीएचटी या हार्मोनला हात घालणारी आणि न घालणारी. आपल्या शरीरात ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवतं. कपाळाच्या कोपऱ्यांतल्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं काही पुरुषांत जन्मतःच डीएचटीला हळवी असतात. दर फेरीला त्या केसांचा वाढीचा काळ आखडतो, केस बारीक होत जातो आणि शेवटी नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातल्या मुळांना डीएचटीचं काही वाटत नाही, म्हणून तिथले केस टिकतात. हे औषध सुचलं तेही एका विलक्षण निरीक्षणावरून. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत हे एन्झाइम जन्मतःच नसलेले पुरुष आढळले. त्यांचं वर्णन १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांची प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, लहान राहिलेली होती आणि कपाळावरचे केस मागे सरकलेले नव्हते. पुढे फिनास्टराइडची ५ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी आली, आणि १ मिलिग्रॅमची केसांसाठी १९९७ मध्ये.

ही गोळी रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणते. टेस्टोस्टेरॉन मात्र कमी होत नाही, उलट १० ते १५ टक्के वाढतं, कारण त्याचं रूपांतर अडलेलं असतं. हे लक्षात असू द्या, रक्ततपासणीच्या वेळी उपयोगी पडेल.

आता वीर्याबद्दल. वीर्यातला बराचसा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट तयार करतात, आणि प्रोस्टेट डीएचटीवर पोसली जाते. डीएचटी घटलं की प्रोस्टेट थोडी आकसते आणि तिचा स्राव कमी होतो. म्हणजे ही तक्रार तुमच्या मनाची नाही. हा औषधाच्या मूळ कामाचाच एक परिणाम आहे, आणि औषध थांबल्यावर तो सहसा ओसरतो. ताठरतेचं गणित इतकं सरळ नाही. ताठरता रक्तवाहिन्या, नसा, हार्मोन आणि मन या चौघांच्या मेळावर उभी असते. डीएचटी त्यात सहभागी असतं, पण एकटं ते काही ठरवत नाही.

हे किती जणांना होतं? केसांच्या गोळीला मंजुरी मिळताना झालेल्या एक वर्षाच्या चाचण्यांतले आकडे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेले असतात. कामेच्छा कमी झाल्याची तक्रार गोळी घेणाऱ्या १.८ टक्के पुरुषांनी केली, आणि नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या १.३ टक्के पुरुषांनीही केली. ताठरतेची तक्रार १.३ टक्के विरुद्ध ०.७ टक्के. स्खलनाशी संबंधित तक्रारी १.२ टक्के विरुद्ध ०.७ टक्के. या सगळ्यांची बेरीज ३.८ टक्के विरुद्ध २.१ टक्के. ज्यांनी गोळी सोडली त्यांच्या तक्रारी गेल्या, आणि तक्रार असूनही गोळी घेत राहिलेल्यांपैकी ५८ टक्के पुरुषांच्याही गेल्या. आकडे लहान आहेत, खोटे नाहीत. तरी या चाचण्यांत निवडलेले पुरुष तरुण आणि धडधाकट होते. दवाखान्यात येणाऱ्या माणसाला कधी साखर असते, कधी रक्तदाब, कधी नैराश्यावरची गोळी चालू असते. त्याला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

आयुष्यभराच्या भीतीबद्दल दोन्ही टोकं टाळून सांगतो. 'गोळी सोडल्यावर सगळं नक्की पूर्ववत होतं' असं छातीठोक सांगणारे चूक आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये माहितीपत्रकात भर घातली की कामेच्छा, स्खलन आणि कामतृप्ती यांच्या तक्रारी काही पुरुषांत औषध थांबवल्यावरही राहिल्याच्या नोंदी आहेत. ताठरतेबद्दलची अशी नोंद त्याआधीच घेतलेली होती. पण या नोंदी रुग्ण आणि डॉक्टर स्वतःहून कळवतात. लाखो लोक औषध घेत असताना त्यांतून टक्केवारी काढता येत नाही, आणि प्रत्येक तक्रारीमागे औषधच होतं असंही ठरत नाही. इंटरनेटवर मात्र नेमका तक्रार टिकून राहिलेला माणूसच लिहितो. तीन आठवड्यांत बरा झालेला माणूस तिथे येऊन 'मी बरा झालो' असं सहसा लिहीत नाही. तुम्ही अजून गोळी थांबवलेलीच नाही. तेव्हा 'गोळी सोडल्यावरही राहिलं' ही गोष्ट तुमच्या बाबतीत घडलेलीच नाही.

भीतीचं वजन किती असतं हे दाखवणारा इटलीतला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटच्या रुग्णांना वर्षभर फिनास्टराइड ५ मिलिग्रॅम दिलं. निम्म्यांना लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतात असं आधी सांगितलं, निम्म्यांना सांगितलं नाही. औषध तेच, मात्रा तीच. सांगितलेल्या गटात ४३.६ टक्के पुरुषांना लैंगिक तक्रारी आल्या आणि न सांगितलेल्या गटात १५.३ टक्के. याला नोसिबो परिणाम म्हणतात. यातून 'सगळं मनाचं आहे' असा अर्थ कृपा करून काढू नका. घाबरलं की शरीरात ॲड्रेनालिन वाढतं, लिंगातल्या रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि आलेली ताठरता खरोखर जाते. मध्येच निसटणारी ताठरता या प्रकाराशी चांगली जुळते. शिवाय न सांगितलेल्या गटातले १५ टक्के आहेतच. आधी तक्रार आली की आधी वाचलंत, हे तारखा आठवून कागदावर लिहा. मोबाइलच्या ब्राउझरची हिस्टरी याबाबतीत आपल्या आठवणीपेक्षा जास्त प्रामाणिक असते.

आता तुम्ही सुचवलेल्या पळवाटा. तिन्ही तुमच्या कामाच्या नाहीत.

आठवड्यातून तीनदा गोळी: फिनास्टराइड रक्तातून पाच-सहा तासांत निम्मं होतं, म्हणून एक दिवसाआड घेतल्यास शरीराला उसंत मिळेल असं वाटतं. पण हे औषध एन्झाइमला घट्ट चिकटून बसतं आणि लवकर सुटत नाही. त्यामुळे मधल्या दिवशीही डीएचटी फारसं वर येत नाही. मात्रा घटवण्याचंही तेच. ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या गोळीचा पाचवा हिस्सा, रोज घेतला तरी रक्तातलं डीएचटी जवळपास ६९ टक्क्यांनी उतरतं, १ मिलिग्रॅमने ७१ टक्क्यांनी. पाचपट औषधाला फरक दोन टक्क्यांचा. पुढे कधी गोळी पुन्हा सुरू केलीत तर कमी मात्रेत केसांचा फायदा बराचसा मिळेल, एवढं त्यातून घ्या. पण आजची तक्रार कमी मात्रेने हमखास जाईल अशी आशा धरू नका. अर्धवट घेत राहिलात तर नुकसान वेगळंच होतं: तीन महिन्यांनीही गोळीचा दोष होता की नव्हता, हे कळत नाही.

लावायचं फिनास्टराइड: ०.२५ टक्के द्रावणाच्या चाचणीत रक्तातलं डीएचटी सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालं, त्याच चाचणीत गोळीने सुमारे ५६ टक्क्यांनी. म्हणजे परिणाम कमी, पण शून्य नाही. औषध टाळूतून रक्तात उतरतंच. त्यातही मान्यताप्राप्त कंपनीने ठरावीक मात्रेत बनवलेलं द्रावण वेगळं, आणि ऑनलाइन दवाखाना फिनास्टराइड, मिनॉक्सिडिल आणि आणखी दोन-चार गोष्टी एकत्र कालवून बाटलीत पाठवतो ते वेगळं. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष किती औषध डोक्यावर पडतं याचा भरवसा नसतो. अमेरिकी नियामकाने एप्रिल २०२५ मध्ये अशाच मिश्रणांबद्दल इशारा दिला. वापरणाऱ्यांनी कळवलेल्या तक्रारींत ताठरता जाणं, नैराश्य, झोप न लागणं आणि अंडकोषात दुखणं होतं. लावायच्या औषधाने असं काही होतं हे आपल्याला सांगितलंच नव्हतं, असं काहींचं म्हणणं होतं. शिवाय हे द्रावण हाताला, उशीला लागतं आणि तिथून घरातल्या दुसऱ्या माणसाला. मुलाचा विचार असलेल्या घरात हा धोका कशाला घ्यायचा?

मित्राचं ड्युटास्टराइड: हे त्याच कुळातलं जास्त ताकदीचं औषध. त्या एन्झाइमचे दोन मुख्य प्रकार आहेत, ते दोन्ही अडवतं आणि डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त उतरवतं. केसांना जास्त गुण येतो हे खरं. पण रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे पाच आठवडे लागतात. नियमित घेतलेलं औषध सोडल्यावर चार ते सहा महिने सापडतं. मित्राला काही होत नसेल तर उत्तमच. पण तक्रार आलेल्या माणसाने फिनास्टराइडवरून ड्युटास्टराइडवर जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यावरच्या एक वर्षाच्या अभ्यासात वीर्याचं प्रमाण सरासरी २६ टक्क्यांनी आणि शुक्राणूंची एकूण संख्या २३ टक्क्यांनी घटली होती. औषध थांबवून सहा महिने झाले तरी संख्या पूर्वपदावर आलेली नव्हती.

तर रीत अशी. एक वही घ्या, फोन नको. फोन उघडला की पुन्हा शोध सुरू होतो. पहिल्या पानावर गोळी थांबवल्याची तारीख घाला. मिनॉक्सिडिल आहे तसं चालू ठेवा. दोन्ही एकदम थांबवली तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही, वर केसही जातील. त्यानंतर रोज सकाळी उठताना ताठरता होती का आणि किती, याचा एकच आकडा लिहायचा. १: मोठं झालं पण कडक नाही. २: कडक, पण संभोगाला अपुरं. ३: संभोगाला पुरेसं, पण पूर्ण कडक नाही. ४: पूर्ण कडक. काहीच नसेल तर शून्य. हीच मोजपट्टी युरोलॉजिस्टही (मूत्ररोगतज्ज्ञ) वापरतात. सकाळच्या, झोपेतल्या ताठरतेत मनाची धाकधूक नसते. सकाळी ३-४ येतं आणि रात्री बायकोजवळ जाताना १-२, तर रक्तवाहिन्या, नसा आणि हार्मोन बऱ्यापैकी शाबूत आहेत, अडतंय ते काळजीपाशी. सकाळीही सतत शून्य-एक येत असेल तर कारण शरीरात शोधायला हवं, मग ते गोळी असो वा साखर. एखाद्या दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, रात्री उशिरा झोपलात तरी तो पडतो. आठवड्याची सरासरी बघा.

महिन्यातून एकदा आयआयईएफ-५ नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली भरा. ताठरता येईल याचा आत्मविश्वास, तिचा कडकपणा, संभोगादरम्यान ती टिकणं, शेवटपर्यंत टिकणं आणि समाधान. प्रत्येकाला पाचपैकी गुण. एकूण २५. २२ किंवा जास्त म्हणजे ठीक, १७ ते २१ सौम्य अडचण, ११ किंवा खाली गेलं तर बरीच. मूळ प्रश्नावली गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारते. तुम्ही ती गेल्या चार आठवड्यांपुरती भरा. खरं तर गोळी सुरू करण्याच्या दिवशीच ही एकदा भरून घ्यायला हवी होती. आधीचा आकडाच नसेल तर तुलना आठवणीशी करावी लागते, आणि घाबरलेल्या माणसाला आपले जुने दिवस फारच रंगीत आठवतात. हे वाचणाऱ्या कोणाची गोळी अजून सुरू व्हायची असेल, तर त्यांनी आजच भरून ठेवावी.

गोळी थांबवल्यावर रक्तातलं डीएचटी साधारण दोन आठवड्यांत मूळ पातळीवर येतं. तक्रारी त्याच वेगाने जातील असं नाही. काहींना दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो, काहींना दोन-तीन महिने लागतात. म्हणून बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत निकाल लावू नका आणि मध्येच चार दिवस गोळी घेऊन बघू नका. बारा आठवड्यांत सगळं सुरळीत झालं तर गोळीवरचा संशय बळावतो, शंभर टक्के सिद्ध होत नाही, कारण गोळी सुटली की भीतीही सुटते. पण तुमच्यापुरता निर्णय घ्यायला तेवढं पुरे. काहीच फरक पडला नाही तर 'आता हे कायमचं' असं म्हणून बसून राहू नका, युरोलॉजिस्टकडे जा. तिशीतल्या पुरुषात ताठरता जाण्यामागे साखर, रक्तदाब, वाढलेलं वजन, धूम्रपान, दारू, झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या असतात. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने त्या आधी तक्रार करतात. केसांच्या गोळीवर खापर फोडून वाढलेली साखर वर्षभर दडून राहिली, असं होता कामा नये.

म्हणून तपासण्या तीन महिने थांबवू नका, याच आठवड्यात करा: उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन हे हार्मोन आणि एकूण टेस्टोस्टेरॉन. शेवटची सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटी. कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण एका मोजणीवर निदान करत नाहीत. डीएचटीची तपासणी करू नका. गोळी चालू असताना ते कमी येणारच, त्याला पैसे कशाला?

इथे तुमचं बायोटिन आडवं येतं. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन लागतं; केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ५,००० ते १०,००० असतं. बऱ्याच प्रयोगशाळांच्या हार्मोन तपासण्यांत बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की यंत्र फसतं. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन खोटं कमी दिसू शकतं, टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त. म्हणजे खरी अडचण नेमकी झाकली जाते. रक्त देण्याआधी निदान तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि घेत होतात हे प्रयोगशाळेत सांगा. त्यानंतर पुन्हा सुरू नाही केलंत तरी चालेल, बायोटिनची कमतरता नसलेल्या माणसाच्या टकलावर त्याचा उपयोग होत नाही. आणखी एक गोष्ट अहवाल घेऊन जाताना लक्षात ठेवा. टेस्टोस्टेरॉन उत्तम आलं म्हणून 'गोळीचा काही संबंध नाही' असं कोणी म्हणालं, तर ते उत्तर अपुरं आहे. गोळी टेस्टोस्टेरॉन कमी करतच नाही, तेव्हा ते चांगलं येण्याने गोळी निर्दोष ठरत नाही.

मुलाचं. फिनास्टराइड १ मिलिग्रॅमने निरोगी पुरुषांच्या शुक्राणूंमध्ये चाचण्यांत लक्षात येण्याजोगा बिघाड दिसला नाही. पण ज्यांची संख्या मुळातच कमी आहे अशा काही पुरुषांत गोळी थांबवल्यावर ती अनेक पटींनी वाढल्याचं दिसलं आहे. तुम्ही कोणत्या गटात आहात हे एका वीर्यतपासणीत कळतं. त्याआधी दोन ते सात दिवस स्खलन नको, नमुना तासाभराच्या आत आणि अंगाजवळ ऊबेत ठेवून पोचवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे प्रमाणाची खालची मर्यादा १.४ मिलिलिटर आणि शुक्राणूंची १ मिलिलिटरमागे १.६ कोटी. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून एक तपासणी आत्ता आणि दुसरी गोळी थांबवल्यावर तीन-साडेतीन महिन्यांनी केली की चित्र स्पष्ट होईल. पुढच्या वर्षीच्या बेताला हे वेळेत बसतं. घरात उरलेल्या गोळ्यांपैकी एखादी तुटलेली किंवा चुरा झालेली असेल तर बायकोने तिला हात लावू नये. गर्भ मुलग्याचा असेल तर हे औषध त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत अडथळा आणू शकतं. अख्ख्या गोळीवर आवरण असतं, तिचा प्रश्न नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: 'मर्दानगी' परत आणायला कोणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायचा निरोप देतो आणि शुक्राणूंची संख्या थेट शून्यावर जाऊ शकते. शरीरातून 'फिनास्टराइड धुऊन काढणारी' चूर्णं आणि संचही विकले जातात. जे दोन-चार दिवसांत आपोआप निघून जातं ते धुवायचं काय? उलट, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही ताठरतेची गोळी घ्यायला हरकत नसते. दोन-चार वेळा सगळं नीट जमलं की धास्तीचं चक्र तुटतं. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी मात्र त्यांना शिवायचंही नाही.

मिनॉक्सिडिलचं थोडक्यात. ते हार्मोनला हात लावत नाही. मुळात ते रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा त्याचा हा गुण कळला. टाळूवर लावलेल्यापैकी सरासरी दीड टक्क्याच्या आसपासच रक्तात जातं. ड्रॉपरने मोजून १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. केसांवर ओतलं तर वाया. जास्त लावून केस जास्त येत नाहीत, धडधड आणि पायांना सूज मात्र येऊ शकते. लावून हात धुवा आणि झोपण्याआधी दोन-तीन तास वाळू द्या. घरात मांजर असेल तर फारच जपा, मांजराला हे औषध थोडं चाटलं तरी प्राणघातक ठरू शकतं. सध्या कमी मात्रेची मिनॉक्सिडिलची गोळीही लिहून देतात. ती घेणाऱ्यांनी ताठरतेची गोळी सोबत घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं, दोन्ही रक्तदाब उतरवतात आणि उठताना भोवळ येऊ शकते.

केसांचं काय होईल, हेही ऐकून ठेवा. फिनास्टराइडने राखलेले केस ते थांबवल्यावर पुढच्या वर्षभरात हळूहळू जातात, एका रात्रीत नाही. तीन महिन्यांच्या या परीक्षेत फार काही गमावणार नाही. नंतर नुसत्या मिनॉक्सिडिलवर राहता येईल. ते मूळ कारणावर घाव घालत नाही, त्यामुळे दोन्ही मिळून जेवढं टिकतं तेवढं टिकणार नाही. केटोकोनाझोलचा शाम्पू, लेझरची टोपी, पीआरपी (आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचणं) किंवा केसांचं रोपण यांनी कामजीवनाला धक्का लागत नाही. पण रोपणानंतर उरलेले केस राखायला बहुतेक ठिकाणी पुन्हा फिनास्टराइडच लिहून देतात. तुम्हाला काय झालं होतं हे सर्जनला आधीच सांगा. सॉ पाल्मेटो या वनस्पतीच्या 'नैसर्गिक' गोळ्या घेऊ नका, त्या त्याच एन्झाइमवर काम करतात असं विकणारेच सांगतात. मग तुमची परीक्षा बिघडलीच.

झोप उडाल्याचं तुम्ही ओघात लिहिलंत, आम्ही तिथे थांबतोय. युरोपच्या औषध नियामक समितीने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडच्या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. असं क्वचित होतं, पण होतं. मन सतत उदास राहणं, कशातच रस न वाटणं, जगणं नकोसं वाटणं यातलं काहीही असेल तर गोळी त्याच दिवशी बंद, घरातल्या कोणाला तरी सांगायचं आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं. बारा आठवड्यांची वही तेव्हा बाजूला ठेवायची.

बायकोला आजच सांगा. लांबलचक प्रस्तावना नको. 'केसांची गोळी घेतोय, तिने असं होऊ शकतं, मी ती आज थांबवली, फरक कळायला तीन महिने लागतील, तुझ्याबद्दल मन उडालेलं नाही' एवढं पुरेल. या काळात संभोग झालाच पाहिजे असं ठरवून जवळ येऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे तो मुद्दाम बाजूला ठेवलात तर ताठरतेची परीक्षा रोज रात्री द्यावी लागत नाही, आणि सकाळचे आकडेही बऱ्याचदा सुधारतात.

रक्तदान: शेवटच्या गोळीनंतर एक महिना थांबा. तुमचं रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं. तुमच्या मित्राने त्याचं औषध थांबवल्यावर सहा महिने थांबायला हवं, आणि सध्या तो रक्तदान करत असेल तर त्याला हे आजच कळवा.